स्टोफफ्लेस दर वेळी कडू होतंय? आधी कडू की करपट ते ठरवा

पहिल्यांदा स्टोफफ्लेस केलं तेव्हा कडू झालं, दुसऱ्यांदा बिअर बदलली तरी कडू, तिसऱ्यांदा साखर वाढवली तर गोड आणि कडू दोन्ही एकदम, आणि चौथ्या वेळी दीड किलो मांस, पाऊण लिटर बिअर आणि रविवारची अख्खी दुपार घालवल्यावर नवरा दोन घास खाऊन नुसतं "ठीक आहे" म्हणाला तेव्हा मला खरंच रडू आलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. नंतर कळलं की हा प्रॉब्लेम माझ्या एकटीचा नाही, इथे बेल्जियममधल्या गेंटमध्ये माझ्या ओळखीचे बाहेरून आलेले जे जे हौसेने हा पदार्थ घरी करतात ते बहुतेक इथेच अडकलेत, आणि सगळे त्यात साखर घालत बसलेत.

ज्यांना पदार्थ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीफचे मोठे तुकडे, भरपूर कांदा आणि ब्राउन बिअर, हे तीन तास मंद आचेवर शिजवायचं, वर मोहरीची पेस्ट लावलेला ब्रेड ठेवायचा, तो विरघळून रस दाट होतो. फ्लेमिश, म्हणजे इथले डच बोलणारे लोक, स्टोफफ्लेस म्हणतात, गेंटकडे स्टोव्हरै हा शब्द जास्त ऐकू येतो, फ्रेंच बोलणारे कार्बोनाद फ्लामांद म्हणतात. कार्बोनाद हा शब्द मुळात कोळशावरून आलाय, म्हणजे पूर्वी निखाऱ्यावर भाजलेलं मांस असा अर्थ होता, आज त्यात निखारा कुठेच नाही. फ्राइजबरोबर खातात, आणि इथल्या फ्रितूरमध्ये, म्हणजे फ्राइजच्या टपरीवर, नुसता त्याचा रस फ्राइजवर ओतूनही मिळतो. चव आंबट-गोड, दाट, बिअरची कडवट छटा अगदी शेवटी हलकीशी. हलकीशी, हे महत्त्वाचं.

आता मुद्दा. चौथ्या वेळचं उरलेलं मी शेजारच्या आजींना दाखवायला घेऊन गेले. त्या ऐंशीच्या घरातल्या, आयुष्य गेंटमध्येच गेलेलं, आणि मला माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये बोलू देतात. मी म्हटलं, हे बिटर झालंय, कुठली बिअर वापरू? त्यांनी चमचाभर घेतलं, तोंडात जरा वेळ ठेवलं आणि म्हणाल्या, हे बिटर नाही, आनखेब्रांट आहे. आनखेब्रांट म्हणजे भांड्याला लागलेलं, करपलेलं. मी तिथेच गप्प झाले. आपल्या मराठीत तर हा फरक किती स्वच्छ आहे! कडू वेगळं, करपट वेगळं, तुरट वेगळं. लहानपणापासून दूध खाली लागलं की पहिल्या घोटाला "करपलंय" म्हणणारे आपण, कारल्याला कधी करपट म्हणणार नाही. पण मी इथे येऊन "बिटर" या एकाच शब्दात सगळं ढकलत होते आणि त्यामुळे चार वेळा बिअरच बदलत राहिले, आणि दोष बहुतेक वेळा भांड्यात होता.

तर पहिलं काम हे: चमचाभर रस थोडा गार करून तोंडात ठेवा आणि नीट बघा.

कडू असेल तर ते जिभेच्या मागच्या बाजूला, गिळल्यानंतर जाणवतं आणि बराच वेळ रेंगाळतं, कारलं किंवा मेथी जास्त झाल्यासारखं. ते हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचं, बिअरमधून आलेलं. करपट असेल तर आधी नाकाला कळतं, तोंडात घालायच्या आधीच, खाली लागलेल्या दुधासारखा धुरकट वास. ते भांड्यातून आलेलं. आणि जीभ कोरडी पडून आत ओढल्यासारखी वाटली, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी, तर ते तुरट, आणि त्याची कारणं बहुतेक पाल्यात असतात. कधीकधी दोन गोष्टी एकत्र असतात, माझ्या दुसऱ्या वेळी तसंच झालं होतं, पण तरी एक जास्त असते, तिच्यापासून सुरुवात करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकाच वेळी बिअर, भांडं आणि मांस तिन्ही बदललं होतं एकदा, त्यातून काही म्हणजे काही कळलं नाही.

करपट असेल तर

हे सगळ्यात जास्त वेळा होतं म्हणून आधी हे. रेसिपीत लिहिलेलं असतं मांस छान ब्राउन करा, आणि आपण करतो, पण दीड किलो मांस तीन-चार खेपांत परतावं लागतं (एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडतं, पृष्ठभाग कोरडा होऊन १४० डिग्रीच्या वर गेल्याशिवाय तो खमंग रंग येतच नाही) आणि पहिल्या खेपेत भांड्याच्या तळाला जो तपकिरी थर बसतो तो दुसऱ्या खेपेत गडद होतो, तिसऱ्या खेपेत काळा. मग आपण त्यावर कांदा टाकतो, बिअर ओततो, लाकडी उलथन्याने सगळं खरवडून काढतो, कारण सगळी चव तिथेच असते असं वाचलेलं असतं. असते हो, तपकिरी असेपर्यंत. काळा झाला की तुम्ही अख्ख्या तीन तासांच्या रश्श्यात करप खरवडून घालताय.

माझ्या बाबतीत यात अजून दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मैदा. मी मांसाला आधीच मैदा लावून घ्यायचे, बऱ्याच रेसिपीत तसं असतं, पण सुटा मैदा तळाला पडतो आणि दुसऱ्या खेपेपर्यंत जळतो. आता मी मांस नुसतं पुसून, मीठ लावून परतते आणि मैदा नंतर, कांदा मऊ झाल्यावर त्यावर भुरभुरवते, दीड किलोला दोन मोठे चमचे, आणि मिनिट-दोन मिनिटं परतते. दुसरं म्हणजे लोणी. इथे मांस लोण्यात परततात, चव छान येतेच, पण लोण्यात दुधाचा जो अंश असतो तो एवढ्या आचेला काळा पडतो. आजी थोडं तेल मिसळतात. मला वाटलं आपल्याकडे याचं उत्तर शेकडो वर्षं आहेच की, लोणी कढवून तो अंश गाळून टाकला की झालं साजूक तूप, आणि ते कितीतरी जास्त आच सहन करतं. तेव्हापासून मी तुपात परतते. लोण्याचा सुगंध येतो, करप नाही. आजींना एकदा एक बरणी दिली, आता त्या मागून घेतात.

आणि आच. इंडक्शनवर ९ पैकी ९ वर ठेवायची मला घाई होती. आता कास्ट आयर्नचं जाड भांडं ६ वर नीट पाच मिनिटं तापवते, मग तिथेच ठेवते. प्रत्येक खेपेनंतर मांस ताटलीत काढलं की तळाकडे बघते, आणि गडद व्हायला लागला असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घालून तळ सोडवून घेते आणि ते पाणी चाखते. हीच ती युक्ती जिच्यामुळे माझा प्रॉब्लेम सुटला, त्यामुळे कृपा करून ही पायरी गाळू नका. पाणी मांसाच्या सूपसारखं गोडसर लागलं तर वाटीत काढून ठेवा, नंतर घालायचं आहे. करपट लागलं तर सरळ सिंकमध्ये ओता, भांडं घासून घ्या आणि पुढची खेप स्वच्छ भांड्यात करा. जीवावर येतं, माहितीये, पण ती अर्धी वाटी वाचवायला गेलात तर पूर्ण भांडं जातं.

कांद्याचं पण सांगते, कारण इथे आपली सवय आडवी येते. घरी मटणाच्या काळ्या रश्श्यासाठी आई कांदा-खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजते, आणि तिथे ते योग्यच आहे, खोबऱ्याचं तेल, मिरची, गरम मसाला हे सगळं त्या काळपटपणाला सांभाळून घेतं आणि रस्सा काही तीन तास आटवत नाही आपण. इथे मसाला नाही. नुसती बिअर, कांदा आणि मांस, आणि वरून आटवायचं, म्हणजे जे काही आहे ते दुप्पट होणार. त्यामुळे कांदा इथे काळपट नको, कडा जळलेल्या तर अजिबात नकोत. दीड किलो मांसाला ७०० ते ८०० ग्रॅम कांदा घ्या (हो, मांसाच्या निम्मा, कमी करू नका, रसाचा गोडवा आणि दाटपणा यातूनच येतो), उभा चिरा, चिमूटभर मीठ घालून आच मध्यमपेक्षा कमी ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं द्या. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तळाचा चांगला तपकिरी थर त्या पाण्यातच आपोआप सुटून येतो, खरवडायला पण लागत नाही. मधासारखा रंग आला की थांबा.

शेवटचं करपट कारण म्हणजे ब्रेड. मोहरी लावलेली बाजू खाली करून दोन स्लाइस वर ठेवतात, त्या भिजून खाली जातात आणि गॅसवर किंवा इंडक्शनवर असेल तर बरोबर तळाला जाऊन चिकटतात आणि लागतात. एकदा असं झालं की वरून काही कळत नाही, वास मात्र येतो. उपाय दोन. एकतर ब्रेड घातल्यावर अर्ध्या तासाने ढवळून तो पूर्ण मोडून टाका आणि मग अधूनमधून तळाला चमचा फिरवत राहा, किंवा मी करते तसं झाकण लावून भांडं १५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हनमध्ये आच सगळीकडून येते, तळाला लागायची भीती जवळजवळ संपते.

भांडं लागलंच तर एक लक्षात ठेवा: ढवळू नका. खरवडू तर मुळीच नका. वरचं वरचं हळूच दुसऱ्या भांड्यात काढा आणि तळाचं तिथेच सोडा. आपल्याकडे भात लागला की करतो तेच.

कडू असेल तर

मग बिअर. इथे सगळ्यात मोठा गैरसमज रंगाचा आहे. काळी किंवा गडद बिअर म्हणजे कडू आणि फिकट म्हणजे सौम्य असं आपल्याला वाटतं आणि ते इथे चालत नाही. बेल्जियमच्या दुबेल प्रकारच्या ब्राउन बिअरचा रंग बराचसा गडद कँडी सिरपमधून येतो, म्हणजे साखरेतून, त्यामुळे ती मनुका-गुळासारखी लागते. स्टाउट काळी असते ती भाजलेल्या बार्लीमुळे, आणि ती आटवली की कॉफीसारखी कडू होते, इतकी की काही जळलेलं नसताना करपल्यासारखं वाटतं. आणि आयपीए दिसायला सोनेरी, सुंदर, पण त्यात हॉप्स भरलेले. माझ्या पहिल्या वेळी फ्रिजमध्ये उरलेली आयपीए होती, म्हटलं बिअर ती बिअर.

कडूपणा हॉप्समधून येतो आणि तो वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी उडतं, अल्कोहोल बरंचसं उडतं, हा बहुतेक सगळा मागे राहतो. बाटलीवर किंवा ब्रुअरीच्या माहितीत आयबीयू म्हणून आकडा असतो, ढोबळमानाने तो म्हणजे एका लिटरमध्ये कडू द्रव्य किती मिलिग्रॅम. आता हिशोब करा. ६० आयबीयूची बिअर ७५ सेंटिलिटर घातली तर ४५ मिलिग्रॅम झालं, आणि शेवटी भांड्यात अर्धा लिटर रस उरला तर लिटरला ९० पडलं. पिताना जी आवडली त्याच्या दीडपट कडू, आणि प्यायला ती थंड होती, फेस होता, इथे गरम आणि दाट आहे. तेच २० आयबीयूवाली घेतली तर शेवटी लिटरला ३० पडतं, म्हणजे साध्या फिकट पिल्सनर बिअरएवढं, आणि त्याला कांदा, ब्रेड, साखर सहज सांभाळून घेतात. म्हणून वीसच्या आसपास किंवा त्याहून कमी, एवढं बघा.

आकडा मिळाला नाही तर ही चाचणी करा, मला आकड्यापेक्षा हीच जास्त पटते. छोट्या पातेल्यात अर्धी वाटी बिअर घेऊन उकळा, एक तृतीयांश उरली की गार करून चाखा. शेवटी रश्श्यात काय असणार आहे त्याचा अंदाज तुमच्या चमच्यात पाच-सात मिनिटांत येतो. तोंड वाकडं झालं तर ती बाटली प्यायला ठेवा. नवऱ्याला या चाचणीचा कंटाळा आला होता पण सलग तीन बिअर अशा आटवून त्याला दिल्या तेव्हा त्यालाही फरक लगेच कळला, पिताना तिघी जवळपास सारख्या वाटत होत्या.

मी काय वापरते ते सांगते. वेस्टमाल दुबेल, ७ टक्क्यांची, ही माझी नेहमीची, गोडसर आणि भरदार. लेफ ब्राउन सगळीकडे मिळते आणि चालते, जास्त गोड असते म्हणून साखर कमी घाला. शिमे ब्लू ९ टक्क्यांची, रस फार श्रीमंत लागतो पण मी सणासुदीला. आणि मग दुसरी जात, आंबट ब्राउन, औदेनार्देची लिफमान्स गौडेनबांड किंवा रूसेलारेची रोडेनबाख (ही ओकच्या मोठ्या पिंपांत मुरवतात). या कडू नसतातच जवळजवळ, पण आटल्या की आंबट होतात, म्हणून या वापरल्या तर शेवटचं व्हिनेगर घालू नका आणि साखर एक चमचा जास्त. आजी अर्धी अशी आणि अर्धी दुबेल घालतात आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की तेच सगळ्यात चांगलं लागतं. गझ नावाची निव्वळ आंबट बिअर मात्र नको, चिंचेच्या कोळासारखं होतं.

अजून एक, बिअर एकटी नको. ५० सेंटिलिटर बिअर आणि २५० मिली बिनमिठाचा बीफ स्टॉक असं प्रमाण ठेवलं की निम्मी चिंता संपते. सगळा द्रव बिअरचाच असला पाहिजे असा हट्ट काही जण धरतात, पण मी ज्या आजी-काकूंकडे इथे खाल्लंय त्यांच्यापैकी एकीनेही तसा हट्ट धरलेला पाहिला नाही.

अल्कोहोलचं विचारणाऱ्यांसाठी: पूर्ण उडतं हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे एक तास शिजवल्यावर साधारण २५ टक्के उरतं आणि अडीच तासांनी ५ टक्के. ज्यांना अजिबात नको त्यांनी बिनअल्कोहोलची ब्राउन बिअर घ्यावी, पण ती आटवण्याची चाचणी तिच्यावरही करा, काही जास्तच गोड असतात.

तुरट असेल तर

हे लवकर संपवते. थाइमच्या काड्या आणि तमालपत्र तीन तास आत राहतात. थाइमच्या तीन काड्या पुरे, दोऱ्याने बांधा म्हणजे दोन तासांनी काढता येतील. तमालपत्राची गंमत ही की आपलं तमालपत्र आणि इथलं लॉरियर ही वेगवेगळी झाडं आहेत, आपल्याकडचं पान लांब, त्याला तीन उभ्या शिरा, वास दालचिनी-लवंगेचा, इथलं लहान, मधोमध एक शीर, वास वेगळाच. मी भारतातून आणलेली पानं चार-पाच घालत होते, बिर्याणीच्या हिशोबाने. आता इथली दोन. लवंग एक, फार तर दोन. मोहरी पण मोजून, दोन मोठे चमचे. गेंटच्या ख्रूंटनमार्क्टवर टिअरेंटेन-फेरलेंटचं दुकान आहे, १७९० पासून मोहरीची परंपरा सांगणारं, तिथे लाकडी पिंपातून मोहरी काढून बरणीत भरून देतात, नाकात झिणझिण्या येतील इतकी तिखट, ती शिजल्यावर सौम्य होते आणि मागे आंबूस खमंगपणा ठेवते. हातात बरणी घेऊन रांगेत उभं राहायला मला फार आवडतं.

कडू नाही पण मांस चामड्यासारखं होतंय

हाही नेहमीचा प्रॉब्लेम, म्हणून सांगते. आधी बघा की रबरासारखं आहे की कोरडं, धागे धागे झालेलं. रबरासारखं असेल तर अजून शिजलंच नाही, थांबा. या मांसात जो चिवट भाग असतो तो हळूहळू विरघळून रसात उतरतो आणि त्यानेच ओठ चिकटतात तसा रस होतो, पण त्याला दोन-तीन तास लागतातच. कोरडं असेल तर एकतर तुकडा चुकीचा, चरबी नसलेला, स्टेकचा वगैरे, किंवा खळखळ उकळलंय. बुडबुडा दोन सेकंदांनी एखादा, एवढीच आच. खाटकाकडे नुसतं स्टोफफ्लेस म्हटलं की कापलेले तुकडे मिळतात, पण ते कुठल्या भागाचे हे विचारा. मी एकदा न विचारता घेतले आणि निम्मे तुकडे मऊ आणि निम्मे लाकूड असं झालं. आता मी खांद्याचं किंवा गालाचं मागते. गालाचं म्हणजे वांगन, ते मिळालं तर सोडू नका. तुकडे ४-५ सेंटिमीटरचे, आपण मटणाला करतो त्यापेक्षा मोठे, नाहीतर तीन तासांत भुगा होतो.

माझी ताई मडगावला असते, तिथे बीफ मिळतं म्हणून तिनेही केलं, पण प्रेशर कुकरमध्ये. मांस चाळीस मिनिटांत मऊ झालं, पण कुकरमधून वाफ जवळजवळ जातच नाही, त्यामुळे रस पाण्यासारखा आणि बिअरचा कच्चा वास तसाच. मग तिने झाकण काढून मोठ्या आचेवर आटवायला घेतलं आणि तळ लागला, झालं, करपट. तिला मी सांगितलं की बिअर आधी वेगळ्या पातेल्यात दहा मिनिटं उघडी उकळून घे, कुकरमध्ये द्रव निम्माच घाल, आणि ब्रेड कुकर उघडल्यावर, मंद आचेवर. दुसऱ्यांदा तिचं जमलं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाचं मांस बंद आहे, तिथे असणाऱ्यांनी म्हशीचं किंवा मटणाच्या खांद्याचं हाडासकट करून बघावं, मटणाला दोन तास पुरतात, नाव मात्र मग स्टोफफ्लेस देऊ नका, आजींच्या वतीने सांगतेय.

झालंच आहे कडू, आता काय

घरी पाहुणे बसलेत आणि रस कडू झालाय, तर सगळ्यात आधी आटवणं थांबवा. मग मीठ बघा, साखर नाही, मीठ. मीठ कमी असेल तर कडूपणा जास्त जाणवतो, चिमूट चिमूट घालून चाखत जा, कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं. मग बिनमिठाचा स्टॉक एक-दीड वाटी घालून पातळ करा, म्हणजे कडूपणा पसरेल, आणि परत दाट करायला पेपरकूकचा एक स्लाइस कुस्करून घाला. पेपरकूक म्हणजे राय आणि मध किंवा सिरपचा मसालेदार केक, इथे नाश्त्याला खातात, बऱ्याच घरांत मोहरीच्या ब्रेडऐवजी तोच घालतात. वेळ असेल तर दोन कांदे वेगळ्या कढईत तुपात अगदी मंद, मऊ, गोड होईपर्यंत परतून त्यात मिसळा, साखरेने येतो तो गोडवा वर तरंगतो आणि कांद्याचा मात्र मुरतो. त्यानंतर लिएजचं सफरचंद-नाशपातीचं काळं सिरप असतं ते एक चमचा, किंवा ब्राउन शुगर. शेवटी लोण्याचा छोटा तुकडा. व्हिनेगर अगदी शेवटी, थेंब थेंब, कारण आंबट आणि कडू एकत्र जास्त झालं तर परत मागे येता येत नाही.

करपट झालेल्याला मात्र यातलं फारसं काही लागू पडत नाही. थोडंसंच करपलं असेल तर भांडं बदलून, पातळ करून, पेपरकूक घालून निभावतं. धुराचा वास पूर्ण उतरला असेल तर मांस काढून गरम पाण्याने अलगद धुवा आणि नवीन कांदा, नवीन बिअरचा रस करून त्यात अर्धा तास ठेवा. मी एकदा केलंय, पहिल्यासारखं होत नाही, पण फेकून द्यायला लागलं नाही.

आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी करा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की रस जेलीसारखा घट्ट होतो, चरबी वर थिजते ती चमच्याने काढता येते, आणि चवी एकमेकींत मुरतात. दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा, पहिली पंधरा मिनिटं तळाला चमचा फिरवत, कारण आटलेला दाट रस गरम करतानाच सगळ्यात पटकन लागतो. मागच्या शनिवारी मी असंच केलं, वेस्टमाल आणि रोडेनबाख निम्मी निम्मी, गालाचं मांस, तूप, आणि रविवारी दुपारी वाटीभर आजींकडे घेऊन गेले. त्यांनी चमचा तोंडात ठेवला, नेहमीसारखा जरा वेळ घेतला, आणि काही न बोलता उठून ड्रॉवरमधून दुसरा चमचा काढून माझ्या हातात दिला.